दोन क्रीम रंगांत अडलेली बेडरूम

‘साधा भिंतीचा रंग ठरत नाही माझ्याच्यानं. माझं काही बिघडलंय का?’ हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. मागे एक शिक्षिका आल्या होत्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत). पर्समधून शेडकार्डाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. दोन्ही क्रीम, एकात पिवळसर झाक, दुसऱ्यात जराशी गुलाबी. भिंतींना पुट्टी, प्रायमर होऊन काम थांबलेलं, आणि पेंटरचा रोज फोन.

निर्णय न होणं हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून झोप, भूक, कामातला रस आधी विचारला. ते सगळं ठीक होतं.

मग रंगाकडे वळलो. एवढ्याशा तुकड्यावरून ठरवणं कुणालाही जड जातं. भिंतीवर तीच झाक जास्त उठते. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत पिवळसरपणा दबतो, 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो वाढतो (केल्विन म्हणजे उजेडाची छटा सांगणारा आकडा, दिव्याच्या खोक्यावर असतो). शिवाय दोन रंग शेजारी ठेवले की डोळ्याला फरकच तेवढा दिसतो. खोलीत राहताना मात्र एकच रंग समोर असतो. म्हणून सुचवलं : लहान डब्या आणा, दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवा, मध्ये अंतर सोडा, पूर्ण वाळले की सकाळी आणि रात्री बघा.

‘आणि रंग चुकलाच तर काय होईल?’ मी विचारलं.

त्या पटकन म्हणाल्या, ‘हे म्हणतील, तुलाच हवा होता ना!’

स्वयंपाकघरातल्या टाइल्स त्यांनी निवडल्या होत्या. तेलाचे डाग पडले की अजूनही ते ऐकावं लागतं. भीती रंगाची नव्हतीच, या टोमण्याची होती.

पुढच्या वेळी यजमानांनाही बोलावलं. ‘मी गमतीत म्हणतो हो,’ ते म्हणाले. अशा गमतीची घरात फार मोठी किंमत मोजावी लागते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे कामी आली : सर्वोत्तम शोधत बसू नका, गरजा ठरवा आणि त्या भागवणारा पर्याय घ्या. दोघांनी दोनच गरजा लिहिल्या. रंग लाकडी कपाटाशी जुळावा आणि रात्री खोली उदास वाटू नये. गुलाबी झाक कपाटाशेजारी मळकट दिसली. पिवळसर ठरला, आणि पेंटरला तसं कळवणारा फोन यजमानांनी केला : ‘आम्ही दोघांनी ठरवलाय.’