चाचांनी शाल का नाकारली?

प्रश्न : ताई, सांगलीत नदीकडच्या भागात आमचं तरुण मंडळ आहे. गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं टेलरिंगचं दुकान. २०१९ च्या महापुरात त्यांनी माझ्या आजोबांसकट चार म्हाताऱ्यांना पाठुंगळी बाहेर काढलं होतं. गेल्या महिन्यात मोबाइलवरच्या एका पोस्टवरून वातावरण तापलं आणि रात्री कुणीतरी त्यांचं दुकान पेटवलं. आम्ही अकरा हजार जमवले, सलोख्याचा कार्यक्रम ठेवला, शाल आणली. चाचा आलेच नाहीत. पैसेही परत पाठवले. आमचं काय चुकलं?
– एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर : तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. वर्गणी काढलीत हे चांगलंच केलंत. पण स्टेजवर बसून चाचांनी बघायचं कुणाकडे? दुकान पेटवणारी पोरं गल्लीतलीच असतील, तर टाळ्या वाजवायला समोर तीच. ‘कुणीतरी’ असं लिहिलंयस, ते मी दोनदा वाचलं.

माझं सांगते. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५, म्हणजे हिशेब तूच कर. आम्हाला मिरजेत एका मदरशाच्या हॉलमध्ये नेलं. ११ ऑगस्टला, रविवारी, श्रावणातली एकादशी. आम्ही सात बायका उपास धरून गप्प बसलेलो. एवढ्या पुरात आपले लाड कुठं सांगायचे? आमटी-भाताच्या रांगेत आम्ही दिसेना, तसा वाढणारा एक पोरगा आला. “आज्जी, आज तुमचं काय आहे का?” तासाभरात साबुदाण्याची खिचडी. धड भिजलेली नव्हती, दाताला चिकटत होती, कूट तर नावालाच. पण पातेलं नवं कोरं. आतला कंपनीचा कागदी शिक्का अर्धा तसाच चिकटलेला, तो त्यानं मुद्दाम दाखवला. दुसऱ्या दिवशी बकरी ईद. पहाटे आम्ही सतरंज्या गुंडाळल्या, हॉल झाडला, नमाजाला जागा करून दिली. शाल कुणाला सुचली नाही.

तो पोरगा आधी विचारायला आला होता, बघ. तुम्ही चाचांना काय विचारलंत?

माझे सासरे शिंपीकाम करायचे, म्हणून सांगते. मशीन जळलं तर दुसरं घेता येतं. गिऱ्हाइकाचं कापड जळलं की शिंप्याला रस्त्यानं चालवत नाही. लग्नाचे ब्लाउजपीस, कुणाच्या आईच्या साडीचं काढलेलं कापड, मापांची वही. आता एकेक बाई दुकानाशी थांबून विचारणार, “चाचा, माझं पीस?” तर आधी तुमच्या घरच्या बायकांना पाठव. कापडाचं मनावर घेऊ नका, एवढं त्यांनी तोंडानं म्हणावं आणि मापं परत देऊन यावं. मोबाइलवर फोटो नको.

मग कागद. एफआयआरची प्रत, पंचनामा, मशीनची बिलं, जळक्या सामानाचे फोटो. दुकानाचा विमा असेल तर दंगलीचं नुकसान त्यात धरलंय का, ते बघून घ्या. पोलीस ठाण्यात एकट्यानं जायला त्यांना जड जात असेल. तुम्ही दोघं सोबत जा, बाकड्यावर बसून राहा. आणि नावं ठाऊक असतील तर तिथंच सांगा. हे अकरा हजार देण्याहून अवघड आहे, मला कळतं. गल्लीत राहायचंय तुम्हाला. पण चाचांनाही तिथंच राहायचंय.

पैशाचं म्हणशील, तर देणगी म्हणून ते घेणार नाहीत. गणपतीत तुमच्या ढोलपथकाचे कुर्ते कुठं शिवता? ते काम त्यांना दे आणि अकरा हजार आगाऊ म्हणून ठेव. मशीन यायला महिना-दोन महिने लागले तर थांबा. दर ते सांगतील तो. घासाघीस करू नका, आणि उरलेलं बिल विसर्जनाआधी चुकतं करा. मंडळांची उधारी सासऱ्यांच्या वहीत दिवाळीपर्यंत लोंबकळलेली मी पाहिली आहे.