डॉक्टर नाही, तर मग शिकायचं कशाला?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई गावात आशा सेविका आहे. मला सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. ही पदव्युत्तर पदवी करायची आहे. बाबा म्हणतात, "डॉक्टर नाई होत, तं दोन वर्सं काहाले शिकतं?" शिकून गावाच्या कामी येईन का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बाबांचं विचारणं रास्त आहे, पैसे त्यांचेच लागणार. एम.पी.एच. करून तुला सुई टोचता येणार नाही की गोळी लिहून देता येणार नाही. हे घरी आताच सांगून टाक, नाहीतर लोक तुझ्या अंगणात बीपी मोजायला येऊन बसतील.

मग उपयोग काय? २०१७ आठव. तुमच्याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. दवाखान्यात आलेल्याला सलाइन, ॲट्रोपिन देणं हे डॉक्टरचं काम. पण त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, तुषार थेट तोंडावर येत होते, एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवली जात होती, आणि फवारणारा बहुतेकदा रोजंदारीचा गडी, हातमोज्याशिवाय. हे शेतात जाऊन विचारायचं, मांडायचं आणि पुढच्या हंगामाआधी बदलायचं, ते तुझं काम.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आधी गावोगावचे जन्म-मृत्यू मोजले. मग गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुझी आई वजनकाटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जाते ना, त्या भेटींचं मूळ तिथे आहे. बाबांना हे आईकडूनच सांगव.

नोकरीचं मात्र गोड बोलणार नाही. आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, आणि संस्थांमधलं काम प्रकल्प संपला की संपतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचं माहितीपत्रक वाच, पात्रता आणि वसतिगृहाचा खर्च नीट बघ. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आधी घालव. त्यावाचून हा अभ्यास म्हणजे नुसती भाषणं.

फॉर्म भरण्याआधी एक कर. या फवारणीच्या हंगामात गावातल्या दहा-बारा फवारणाऱ्यांना भेट. मोजे घालता का, पंप कोणता, औषधाच्या रिकाम्या डब्यांचं काय करता, चक्कर आली तर कुठे जाता, एवढंच विचार. वहीत नाव लिहू नकोस, माणसं बिचकतात. त्या वहीत मन रमलं तर फॉर्म भर. कंटाळा आला तर बी.एड. आहेच, त्यात कमीपणा नाही.