‘अनडॉक्युमेंटेड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या एका दवाखान्याच्या माहितीपत्रकाचे मराठी करायचे आहे. त्यात ‘अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट’साठी, म्हणजे देशात राहण्याचा चालू परवाना नसलेल्या स्थलांतरितासाठी, ‘घुसखोर’, ‘बेकायदा स्थलांतरित’ की ‘कागदपत्रे नसलेले’, यांपैकी काय घ्यावे?

‘घुसखोर’ आधी बाद करू. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय मराठीत बहुतेक वेळा वाईट खोडीलाच लागतो : लाचखोर, नफेखोर, चुगलखोर. शिवाय ‘घुसखोर’ हा शब्द वस्तुस्थितीला धरूनही नाही. यांतले कितीतरी लोक रीतसर व्हिसा घेऊन विमानाने आलेले असतात. व्हिसाची मुदत संपली आणि ते मागे राहिले. ‘बेकायदा’ आपण बांधकामाला लावतो, दारूधंद्याला लावतो. ‘बेकायदा वास्तव्य’ बातमीत चालेल, पण औषधाला आलेल्या माणसाला तो शब्द दारातूनच परत पाठवील.

‘कागदपत्रे नसलेले’ सभ्य वाटतो खरा, पण घोटाळा सर्वांत जास्त तोच करील. आपल्याकडे कागदपत्रे म्हणजे सगळीच : ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला. ‘कागदपत्रे नसली तरी उपचार मिळतील’ असे वाचून रुग्ण रिकाम्या हाताने येतो. सामुदायिक आरोग्य केंद्रात फी ठरते ती उत्पन्न आणि घरातली माणसे पाहून. त्यासाठी पगाराच्या पावत्या लागतात, आणि पगार रोख मिळत असेल तर बहुधा मालकाचे पत्र चालते. हे दाखवता आले नाही तर सवलत अडकते.

म्हणून माझे मत : पत्रकात माणसाला नाव देऊच नये, नसलेल्या कागदाला द्यावे. ‘तुमच्याकडे चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नसले, तरी तातडीच्या वेळी रुग्णालय तुम्हाला तपासेल. उत्पन्नाचा पुरावा असल्यास सोबत आणा.’ लेखात नाम हवेच असेल तर ‘वास्तव्य-परवाना नसलेले’ म्हणावे. ‘इमिग्रेशन स्टेटस’ मात्र देवनागरीत तसाच ठेवा. दवाखान्याच्या पत्रकात ‘स्थिती’ म्हटले की वाचणाऱ्याला रुग्णाची प्रकृतीच आठवते.

याच पत्रकात याहून अवघड शब्द ‘पात्र’ हा आहे. कोणत्या स्थलांतरितांना सरकारी लाभ द्यावेत हे ठरवणाऱ्या 1996च्या कायद्यातला ‘क्वालिफाइड’ आणि अर्जावरचा ‘एलिजिबल’, दोन्हींचे आपण ‘पात्र’च करतो. ग्रीन कार्डधारक ‘क्वालिफाइड’ असतो, तरी मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) त्याला साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, म्हणजे तोवर तो ‘एलिजिबल’ नाही. उलट एच-1बी व्हिसावर नोकरी करणारा मराठी इंजिनिअर पूर्ण कायदेशीर राहतो, पण या कायद्याच्या अर्थाने ‘क्वालिफाइड’ नाही. ‘अपात्र’ वाचून ‘म्हणजे मी बेकायदा?’ अशी धास्ती त्याने घेऊ नये. ‘क्वालिफाइड’साठी ‘कायद्यातील यादीत मोडणारे’ आणि ‘एलिजिबल’साठी ‘लाभास पात्र’ असे वेगळे शब्द ठेवा.

‘इमर्जन्सी’ला ‘अत्यावश्यक’ कधीच करू नका. मधुमेह्याला रोजचे इन्सुलिन अत्यावश्यकच असते, पण ते तातडीच्या प्रसंगात धरले जाईलच असे नाही. 1986च्या एम्टाला या तातडीच्या उपचारांविषयीच्या कायद्याने मेडिकेअरशी (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) जोडलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला येईल त्या प्रत्येकाची तपासणी करणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. स्थिर करणे, बरे करणे नव्हे. आणि मोफत तर नव्हेच, बिल मागून येते. (ना-नफा रुग्णालयाकडे आर्थिक मदतीचे लेखी धोरण असावे लागते. पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, तेव्हा ही ओळ पत्रकात ठळक हवी.)

‘अत्यावश्यक’ आणि ‘इमर्जन्सी’ यांतला फरक डायालिसिसच्या रुग्णाला सर्वांत कठोरपणे भोवतो. काही राज्यांत परवाना नसलेल्याला आठवड्यातून तीनदा ठरलेले डायालिसिस मिळत नाही. रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीला गेले किंवा फुप्फुसात पाणी भरून दम कोंडला, की तेव्हाच ‘इमर्जन्सी’ म्हणून मशीनवर घेतात. त्यामुळे ‘तातडीचा प्रसंग’ हा शब्द एकटा सोडू नका. त्यापुढे छातीत कळ, श्वास कोंडणे, न थांबणारा रक्तस्राव, बाळंतपणाच्या कळा असे लिहा.