घर आणि दुरुस्ती : न्हाणीघराच्या फरशीखाली विजेची केबल

प्रश्न : आमच्या जुन्या फ्लॅटमधील न्हाणीघराचे नूतनीकरण करायचे आहे. आईला संधिवात असल्यामुळे हिवाळ्यात पहाटे थंडगार फरशीवर पाय टेकवताना तिला फार त्रास होतो, म्हणून फरशीखाली विजेवर तापणारी केबल बसवावी असे मनात आहे. ठेकेदार म्हणतो, केबल कोब्यात गाडून वर टाइल्स बसवून देतो. जिथे बादलीने पाणी ओतले जाते, तिथे हे सुरक्षित आहे का, आणि वीजबिल किती वाढेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काम नीट झाले तर ही सोय सुरक्षित आहे; ठेकेदाराने सुचवलेली रीत मात्र मान्य करू नये. आपल्याकडील फ्लॅटमध्ये न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागातून सांडपाण्याचे पाइप जातात आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. एवढ्या जाड थरात पुरलेली केबल आधी कोबा तापवते, मग स्लॅब, आणि आईंच्या पायांपर्यंत ऊब पोहोचेपर्यंत त्यांची आंघोळ उरकलेली असते. केबल टाइलच्या लगेच खाली हवी, आणि केबलखाली उष्णता अडवणारा, पाणी न शोषणारा बोर्ड हवा.

फरशी उखडताना ब्रेकरने जुने वॉटरप्रूफिंग फुटतेच, हे गृहीत धरून कोब्यावर ते नव्याने करून घ्यावे आणि किमान दोन दिवस पाणी साठवून खालच्या घराच्या छताला ओल येत नाही ना, ते पाहावे. त्यानंतरच बोर्ड, त्यावर केबलची मॅट (जाळीवर केबल बसवलेली चटई), मॅट पूर्ण झाकणारा लवचिक टाइल ॲडेसिव्हचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा दुसरा लेप आणि शेवटी टाइल. मॅट झाकण्यासाठी आपोआप सपाट होणारे मिश्रण ओतण्याची पद्धत आहे, पण त्याने नहाणी ट्रॅपकडचा, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडचा, उतार नाहीसा होतो; न्हाणीघरात गवंड्याने थापीने उतार राखूनच थर द्यावा. हे सारे थर मिळून फरशी दोन-तीन सेंटीमीटर वर येऊ शकते. तेवढी जागा कोब्यातूनच काढावी, नाहीतर पाणी उंबरा ओलांडून खोलीत येईल.

मॅट फक्त मोकळ्या फरशीखाली असावी. कमोड किंवा कपाटाखाली ती नको, कारण तिथे उष्णता कोंडते आणि स्क्रूसाठी ड्रिल मारताना केबल तुटण्याची भीती राहते. मॅटची जाळी कापून ती वळवता येते, केबल कधीही कापू नये.

विजेच्या बाजूने तीन गोष्टींवर तडजोड करू नका. केबलला धातूचे आवरण असावे आणि ते अर्थिंगला जोडलेले असावे. या सर्किटला 30 मिलिअँपियरचा स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान नियंत्रित करणारे उपकरण, न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर असावा. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार नुसती नावापुरती असल्याचे पुष्कळदा आढळते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून ते आधी मोजून घ्यावे आणि मगच मॅट विकत घ्यावी.

मोजणीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. 300 वॅटच्या मॅटचा रोध 230 व्होल्टच्या हिशेबाने सुमारे 176 ओहम भरतो. मॅट खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल्स बसल्यावर अशा तिन्ही वेळा मल्टिमीटरने रोध आणि मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून आकडे लिहून ठेवावेत. थापीचा घाव लागून केबल दुखावली असेल, तर ते ॲडेसिव्ह ओले असतानाच कळायला हवे. टाइल्स बसण्यापूर्वी मॅटवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा. पुढे नळ किंवा पाइपचे काम निघेल तेव्हा त्यांचा उपयोग होईल. ॲडेसिव्ह पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे उत्पादकाने सांगितलेले दिवस भरेपर्यंत, केबल चालू करू नये.

बिलाची चिंता मात्र नको. मोकळी फरशी दोन चौरस मीटर धरली आणि चौरस मीटरला 150 वॅटची मॅट घेतली, तर भार 300 वॅट होतो. रोज दोन तास चालवली तरी 0.6 युनिट, म्हणजे 2 किलोवॅटचा गिझर 18 मिनिटे चालवण्याइतकीच वीज. थर्मोस्टॅटला टायमर असल्यास आंघोळीच्या तासभर आधी ती सुरू होईल अशी वेळ लावावी. तापमान 28-29 अंशांच्या वर नेऊ नये. आईंना मधुमेह असून तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. टाइल खरखरीत, न घसरणारी निवडा, कारण उबदार फरशीही साबणाच्या पाण्याने तितकीच निसरडी होते.

प्रश्न : जुन्या टाइल्स न काढता त्यांच्यावरच मॅट बसवता येईल का?
– एक वाचक, औंध

उत्तर : टाइल्स घट्ट असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत नसेल आणि खालच्या घरात ओल नसेल, तर येईल. मात्र उंबरा, दाराची फट आणि नहाणी ट्रॅपची जाळी ही तिन्ही वाढलेल्या उंचीशी जुळवून घ्यावी लागतील. खाली आधीच गळती असेल, तर फरशी काढून गळती थांबवल्याशिवाय केबलला हात लावू नये.