हाय स्पीड बिट, पण स्पीड कमी

"आरओच्या नळासाठी स्टेनलेस स्टीलच्या सिंकला भोक पाडायला घेतलं, ड्रिलचे तीन बिट जळाले, आता तिथे आरशासारखा चकचकीत ठिपका उरलाय आणि चौथा बिट त्यावरून नुसता घसरतो." तुमचं हे वाक्य वाचून हसू आलं, माफ करा. असले सतरा ठिपके मी एका रात्रीत तयार केलेत, तेही पार्टीच्या मालावर. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. गॉगल घाला, हॅमर मोड बंद आहे ना बघा, ड्रिल सरळ फिरतंय की उलटं ते बघा, हे सगळं तुम्ही केलंच असेल असं धरून चालतो.

आमचं सांगलीजवळ छोटं फॅब्रिकेशनचं शेड होतं. बहुतेक काम एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं. गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड. एका वर्षी बेदाणा धुण्याच्या मशिनच्या फ्रेमची ऑर्डर आली. खाण्याच्या मालाचं काम, त्यामुळे सगळं एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ ही त्याची जात. पन्नास बाय पन्नासचा, ५ मिमी जाडीचा अँगल (काटकोनात वळलेली पट्टी), आणि त्यात ९ मिमीची ९६ भोकं. हंगाम तोंडावर होता, म्हणून मी शहाणपणा केला: आधी फ्रेम वेल्ड करून घेतली, भोकं नंतर जागेवर मारू म्हटलं. फ्रेम एकदा जोडली की पिलर ड्रिलखाली (खांबावर बसवलेल्या ड्रिल मशिनखाली) जात नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. घाईत कळलेलं वळत नाही. मग हातातलं ड्रिल घेतलं.

बिट नवीन आणले होते. पाकिटावर ठळक लिहिलेलं, हाय स्पीड स्टील. दुकानदाराला विचारलं, स्टीलला चालेल ना? तो म्हणाला, "हाय स्पीडचाच आहे, फुल्ल स्पीडला चालवा, लोण्यासारखा जाईल." मी चालवला. ट्रिगर पूर्ण दाबून. ड्रिल बिनभाराचं २८०० आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला २८०० फेरे. पहिली दोन भोकं गेली, तिसऱ्याला चीं असा आवाज सुरू झाला, धूर आला, बिटाचं टोक निळं पडलं. मी आणखी जोर लावला. मग दुसरा बिट, त्याच भोकात. मग तिसरा. मध्यरात्रीपर्यंत अकरा बिट कचऱ्यात आणि सतरा भोकं अर्धवट, प्रत्येकाच्या तळाशी तुमच्यासारखा एकेक आरसा.

सकाळी बिट घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "माल बदलून मिळणार नाही, तुमचं मटेरियलच खराब असेल, चुंबक लावून बघा." मी खुळ्यासारखा परत येऊन चुंबक लावला, तो एका कोपऱ्यात हलकासा चिकटला, आणि मग मी स्टीलवाल्याशी भांडायला गेलो. तो दिवस तिथंच गेला. दोन्ही ठिकाणी मीच चूक होतो, पण ते कुणी सांगेना. एकानं "वरच्या ऑफिसला मेल करा" म्हटलं. मेल केला, त्याचं उत्तर अजून यायचंय.

आता त्या नावाची गंमत. हाय स्पीड स्टील हे नाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. त्याआधी हत्यारं साध्या कार्बन स्टीलची असत, जरा तापली की मऊ पडायची. अमेरिकेत टेलर आणि व्हाइट या दोघांनी टंगस्टन घातलेलं पोलाद तापवून कडक करायची पद्धत बसवली आणि १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवली. टोक लाल होईपर्यंत तापलं तरी कापतच होतं. जुन्या हत्यारापेक्षा वेगात चालतं म्हणून हाय स्पीड. हा वेग कार्बन स्टीलच्या तुलनेत. तुमच्या सिंकला उद्देशून ते लिहिलेलं नाही.

एसएसची अडचण दुहेरी आहे. एक, ते उष्णता वाहून नेत नाही. साध्या लोखंडाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तयार झालेली सगळी उष्णता बिटाच्या टोकावरच साचते. दोन, आणि ही खरी गोम, ३०४ ला तुम्ही जितकं घासाल तितकं ते कडक होतं. बिट कापत नसेल, नुसता घासत असेल, तर तो भोकाच्या तळाला पॉलिश मारतोय आणि चिलखत चढवतोय. मग पुढच्या नव्या बिटाची धार त्या चिलखतावर पहिल्याच फेऱ्यात जाते. तीन बिट जळाले असं तुम्हाला वाटतंय. जळाला फक्त पहिला, उरलेले दोन पहिल्यानं करून ठेवलेल्या कामावर गेले.

(चुंबकाचा उलगडाही इथंच आहे. ३०४ मुळात चुंबकाला धरत नाही, पण वाकवलं, ठोकलं, ओढलं की त्या जागी कडक होतं आणि थोडं धरायला लागतं. सिंकच्या खोल कोपऱ्यात चुंबक हलकासा चिकटला म्हणून माल नकली ठरत नाही. त्या स्टीलवाल्याची मी नंतर चहा पाजून समजूत काढली.)

वेगाचा माझा हिशेब साधा आहे: चार हजाराला बिटाच्या मिलीमीटरनं भागा, येतील तेवढे मिनिटाला फेरे. ३ मिमीला तेराशेच्या आसपास, ६ मिमीला साडेसहाशे, ९ मिमीला साडेचारशेच्या आत. हे मिनिटाला साधारण १२ मीटर कापण्याच्या वेगावरून, म्हणजे बिटाची बाहेरची कड मिनिटाला जेवढं अंतर फिरते त्यावरून येतं. मी त्या रात्री ९ मिमीचा बिट २८०० वर चालवला, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ८० मीटर. सहापटीहून जास्त! हातातल्या ड्रिलला आकडे दिसत नाहीत, पण दोन गिअर असतील तर खालचा लावा आणि ट्रिगर इतकाच दाबा की बिटाच्या नाळ्या (पीळदार खाचा) फिरताना नजरेला वेगळ्या दिसतील. नुसता चकाकणारा दांडा दिसला की वेग जास्त.

जोर मात्र भरपूर. लोक इथं उलटं करतात, वेग जास्त आणि हात हलका. बिट टेकला की तो कापलाच पाहिजे. थांबायचं असेल तर फिरता बिट तसाच टेकवून ठेवू नका, उचला. चिप, म्हणजे कापून निघणारा कीस, काय सांगते ते बघत राहा. दोन्ही बाजूंनी सलग गोल वळ्या निघत असतील तर छान. पिवळसर झाल्या तरी चालेल, निळ्या आल्या तर वेग उतरवा. चिप न येता नुसती भुकटी यायला लागली की त्या सेकंदाला थांबा. चीं आवाज आला तरी तेच. मी त्या रात्री तो आवाज पाच तास ऐकला आणि मला वाटत राहिलं की बिट प्रयत्न करतोय.

तेल. काहीही असो, पण हवंच. कटिंग ऑइल मिळालं तर उत्तम. घरात खोबरेल किंवा गोडेतेल असेल तर एका-दोन भोकांना चांगलं चालतं, अगदी थट्टा नाही. गंज सोडवायचा पातळ स्प्रे सगळे मारतात. तो उडून जातो, माझ्या मते त्याचा उपयोग मनाच्या समाधानापुरता. आणि तापलेल्या बिटाला पाण्यात बुडवून चर्र करू नका. धार लावतानाही नाही. एचएसएसला (हाय स्पीड स्टीलला) केसाएवढ्या चिरा पडतात, कोबाल्टच्या बिटाला तर जास्तच.

कोबाल्टचं म्हणाल तर घ्या, एम३५ जातीचा बिट पुरे. त्यात साधारण पाच टक्के कोबाल्ट असतं, ते पूर्ण बिटात मुरलेलं असतं, त्यामुळे पुन्हा धार लावता येते. सोनेरी मुलाम्याचे बिट दिसायला झकास, पण एकदा टोक घासलं की टोकापुरता मुलामा गेला. टोकाचा कोन १३५ अंशाचा आणि मधोमध फोडलेला मिळाला तर बघा, तो जागेवरून पळत नाही. साधा ११८ चा एसएसवर फिरायला लागतो आणि तोवर घासायला सुरुवात झालेली असते. म्हणून आधी टोकदार पंचानं खळगा मारतो आपण, पण पंचही हलकाच मारा. हातोडा घेऊन दणका दिलात की तीच जागा ठोकून कडक केलीत.

पायलट भोकाबद्दल, म्हणजे आधी पाडायच्या बारीक भोकाबद्दल, मतं वेगळी आहेत, भांडू नका माझ्याशी. मी मोठ्या बिटाच्या मधल्या गाभ्याएवढंच पायलट पाडतो, जास्त नाही. आधी ३, मग ५, मग ७, मग ९ असं चढत गेलं की मोठ्या बिटाचे फक्त कोपरे काम करतात आणि तेच पहिले तुटतात.

हे सगळं जाड मालाचं झालं. तुमचं सिंक पत्र्याचं आहे, मिलीमीटरच्या आतबाहेर. तिथं साधा बिट भोक त्रिकोणी पाडतो आणि पलीकडे निघताना पत्र्यात अडकून हिसका देतो. स्टेप ड्रिल वापरा, पायऱ्यापायऱ्यांचा शंकू असतो तो. तो मात्र शेवटच्या पायरीला अगदी हळू, मिनिटाला तीन-चारशे फेऱ्यांच्या वर नको. शक्य असेल तर खालून लाकडाचा ठोकळा कुणाला तरी दाबून धरायला सांगा, पण बिटाच्या सरळ रेषेत त्यांची बोटं नकोत. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका. सुरक्षेसाठी म्हणून घालतात आणि तोच मोजा बिटाला गुंडाळला जातो. मी एकाचा अंगठा पाहिलाय, जास्त लिहीत नाही.

आता तुमचा ठिपका. त्याच्यावर आणखी पैसे घालवू नका. आरओच्या नळाच्या बुडाला चकती असते, ती मोजा. बहुतेकदा ती चांगली रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी असते. ठिपक्यापासून १२-१३ मिमी बाजूला नवीन खूण करा, चकतीखाली ठिपका झाकला जाईल आणि बिटाला कोरी, मऊ जागा मिळेल. खाली त्या नव्या खुणेशी सिंकची वळलेली कड किंवा आधाराची पट्टी येत नाही ना, नट फिरवायला जागा आहे ना, हे आधी हात घालून बघा. नळाची आटे असलेली नळी व्हर्नियरनं किंवा पट्टीनं मोजूनच भोकाचं माप ठरवा, पाकिटावरच्या मापावर विसंबू नका.

सरकवायला जागाच नसेल तर छोट्या रोटरी मशिनला डायमंडचं टोक लावून तो चकचकीत थर खरवडून काढा, खाली मळकट पृष्ठभाग दिसेपर्यंत. मग नवा कोबाल्टचा ४ मिमीचा बिट, तेल, हळू वेग, अंगाचा भार. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत चिप आली नाही तर तिथंच थांबा. माझ्या सतरापैकी नऊ भोकं अशी सुटली. उरलेल्या आठ ठिकाणचा अँगल कापून नवीन तुकडे वेल्ड करावे लागले, या वेळी आधी पिलर ड्रिलवर भोकं मारून. पार्टीनं चार दिवस उशिराचे पैसे कापले ते वेगळे.

भोक झालं की कडेचा बर (वर उठलेली धारदार किनार) गोल कानशीनं काढा आणि सिंकमधला चुरा ओल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसून घ्या. बिटाचे किंवा कानशीचे बारीक कण राहिले तर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात, आणि मग घरात म्हणतात सिंकच गंजलं.