श्रोत्यांची पत्रं कशी वाचावीत

प्रिय मुली,

रेडिओवरच्या तुझ्या शास्त्रीय संगीताच्या निवेदनाबद्दल आलेले, तू पाठवलेले श्रोत्यांचे सगळे निरोप वाचले. एकाला तुझा आवाज फार गोड वाटतो, दुसऱ्याला तोच आवाज सकाळी सहाच्या मानाने जरा जास्तच गोड वाटतो. एक आजोबा म्हणतात, बाई फार बोलतात. आणि ती विद्यार्थिनी म्हणते, रागाबद्दल अजून थोडं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. एकाच सकाळचं एकच निवेदन! यातलं खरं कुणाचं मानू, असं तू विचारतेस. मी म्हणेन, प्रत्येक पत्र नेमकं कशाबद्दल आहे ते आधी ओळख. लिहिणाऱ्याला स्वतःलाही ते बरेचदा ठाऊक नसतं.

आवाजाबद्दलची पत्रं वाचून ठेवून दे. घसा मिळालाय तो मिळालाय. उच्चार, श्वास, माइकपासूनचं अंतर एवढं सुधारता येतं, आणि ते श्रोत्याआधी तुझ्या वरिष्ठांनीच सांगितलेलं असतं.

चुकीबद्दलचं पत्र मात्र त्याच दिवशी हातात घ्यायचं. सकाळच्या सभेत, म्हणजे सकाळच्या प्रसारणात, देसकार राग लागला आणि तू भूप म्हणालीस, तर कार्ड येणारच, आणि यायलाच हवं. दोन्हींत तेच पाच स्वर असले तरी भुपाचा जीव गंधारात (ग) आणि देसकाराचा धैवतात (ध). शिवाय एक संध्याकाळी उशिराचा, दुसरा सकाळचा. जुन्या टेपांच्या खोक्यावर काय लिहिलंय यावर डोळे झाकून विसंबू नकोस. प्रसारणाआधी सुरुवातीची आलापी तरी स्वतः ऐक, आणि शंका आली तर केंद्रातल्या एखाद्या कलावंताला विचार. संगीत विभागात असं विचारण्यात कमीपणा नसतो. अशी पत्रं लिहिणारे बहुतेक चिडके असतात हे खरं, पण आपल्या केंद्रावर त्यांच्याइतका जीव दुसरं कोण लावतं?

नावांचंही तसंच. तबला, पेटी किंवा सारंगी सांगून झाली की निवेदक थांबतात आणि तंबोऱ्यावरची माणसं राहून जातात. त्या माणसांच्या घरीही रेडिओ लागलेला असतो. गायिका गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात पहिल्या ध्वनिमुद्रिका दिल्या तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगत, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात तबकडीवर योग्य लेबल लागेल. नाव नीट पोचावं ही काळजी रेडिओपेक्षा जुनी आहे, ती तू विसरू नकोस.

पण नाव म्हणजे बिरुदांची माळ नव्हे. 'भारतरत्न पंडित भीमसेन जोशी' असं का म्हटलं नाही, असं एका गृहस्थांनी रागावून विचारलंय. त्यांना नम्रपणे कळव की राष्ट्रीय सन्मान नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. पंडितजींना २००८ साली तो सन्मान जाहीर झाला, हे वाक्यात जरूर सांग, नावाला चिकटवू नकोस. तसंही 'पंडित भीमसेन जोशी' एवढं ऐकल्यावर कोण ते, असं विचारणारा माणूस या कार्यक्रमाला अजून भेटायचाय.

आता मुख्य तक्रार. 'फार बोलता.' मी तुझं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. तू एक मिनिटही बोललेली नाहीस. मग त्या आजोबांना ते लांबलेलं का वाटलं? कारण त्या थोड्या वेळात 'स्वर्गीय', 'मंत्रमुग्ध', 'सुरांची बरसात' आणि 'अविस्मरणीय' हे सगळे येऊन गेले. ऐकणाऱ्याला काय वाटायला हवं, ते तू त्याने ऐकण्याआधीच ठरवून टाकलंस. जाणकाराला त्याचा राग येतो आणि नवख्याच्या हाती काहीच लागत नाही. बरसात होणार म्हणून तो वाट बघत बसतो आणि समोर चालू असते संथ आलापी. दहा मिनिटांनी आपल्यालाच यातलं काही कळत नाही असं समजून तो स्टेशन बदलतो.

त्याऐवजी ऐकायला काहीतरी हातात दे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावायचा असेल तर एवढंच म्हण: 'मारव्यात षड्ज, म्हणजे सा, फार जपून लावतात, तो केव्हा येतो याकडे कान ठेवा.' बस. जाणकाराला यात खटकण्यासारखं काही नाही, आणि नवख्याला पुढचा अर्धा तास एक काम मिळालं. दुसऱ्या दिवशी पुरिया लावून सांग की स्वर तेच आहेत, पण आता गंधार आणि निषादावर (नी) लक्ष असू द्या. ती विद्यार्थिनी मागतेय ते हेच, आणि आजोबांना यातलं एक वाक्यही जास्त वाटणार नाही. 'संगीत सरिता'नं विविध भारतीवर वर्षानुवर्षं हेच केलं. रागाची ओळख, त्यातलं एखादं चित्रपटगीत, मग शास्त्रीय गायन किंवा वादन, तेही थोडक्या वेळात. त्यावर वाढलेले कितीतरी कान आज तुझे श्रोते आहेत.

'तुमची पद्धत फार कोरडी, जरा आपुलकीनं बोला' असंही एकीने लिहिलंय. हा वाद जुना आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची चित्रपटगीतांची बिनाका गीतमाला. इकडे भारदस्त, मोजकी निवेदनं, तिकडे 'बहनों और भाइयों'. केसकरांनी चित्रपटसंगीताला दार लावलं आणि श्रोते सिलोनकडे गेले. १९५७ साली विविध भारती काढून आकाशवाणीला ते परत बोलवावे लागले. माझ्या मते केसकरांचं राष्ट्रीय कार्यक्रमाबाबत बरोबर होतं आणि दार लावण्याबाबत चूक. ब्रिटनमध्येही १९९२ साली क्लासिक एफएम हे तिथल्या शास्त्रीय संगीताचं खासगी स्टेशन आलं तेव्हापासून त्याच संगीताच्या, बीबीसीच्या रेडिओ थ्रीचे जुने श्रोते कुरकुरतात की आता तिथलेही निवेदक गप्पा मारायला लागले. तू सयानी होऊ नकोस आणि सरकारी परिपत्रकही वाचू नकोस. समोर बसलेल्या मावशीला सांगावं तसं सांग. एकाच मावशीला! 'तमाम रसिकहो' म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

एक पत्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, आणि ते तू शेवटी ठेवलं होतंस. 'जलद लयीतली द्रुत रंगात आली आणि तुम्ही आवाज उतरवलात.' बातम्यांची वेळ चुकवता येत नाही, हे मान्य. पण तीस मिनिटांच्या जागेत चाळीस मिनिटांचा ख्याल ठेवणं आपल्या हातात असतं, तसंच न ठेवणंही. उलटीकडून हिशोब कर. बातम्यांपासून मागे मोजत ये आणि आपलं शेवटचं वाक्य किती सेकंदांचं ते आधी ठरव. ख्याल चोवीस मिनिटांचा असेल तर उरलेल्या वेळात वाद्यावरची एखादी धून, किंवा ७८ आरपीएमच्या तबकडीवरून घेतलेलं तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. त्या काळच्या मोठ्या गायिकांनी तेवढ्यात अख्खा राग उभा केलाय, तेव्हा ते जागा भरायला लावलं तरी उणं वाटत नाही. आणि शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच तुकडा, झाल्यावर लगेच बोलायला घेऊ नकोस. समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा, ठोका श्रोत्याच्या कानात बसू दे. या एका गोष्टीवर मी कुणाचंही मत विचारात घेणार नाही, अगदी केंद्रसंचालकांचंसुद्धा.

जुन्या संग्रहातलं काही लावलंस की 'साथीला पेटी का नाही?' असं कुणीतरी विचारतंच. १९४० पासून जवळजवळ तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, म्हणून सारंगी ऐकू येते. हे एकदा निवेदनातच सांगून टाक, निम्मी पत्रं येणारच नाहीत.

आणि बहुतेक श्रोते काहीच लिहीत नाहीत, हेही लक्षात असू दे. भाजी चिरताना, दुकान उघडताना, रात्रपाळीवरून परतताना ते ऐकतात. पत्रांवरून त्यांचा अंदाज बांधायला जाशील तर फसशील. तेव्हा दर महिन्याला स्वतःचं एक ध्वनिमुद्रण घरी नेऊन, काम करता करता ऐकत जा. जिथं तुझं लक्ष उडेल ते वाक्य पुढच्या वेळी काढ.

गुरुवारच्या निवेदनाचा मसुदा मला पाठव. जयजयवंतीत दोन्ही गंधार येतात, ते तू एका वाक्यात कसं सांगतेस ते बघायचंय. आणि त्या आजोबांना उत्तर लिहिलंस का?

तुझी,
मॅडम