पार्नेल एका घटस्फोटाच्या खटल्यामुळे संपला, हे खरं आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आयर्लंडचा एकोणिसाव्या शतकातला पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल एका विवाहित बाईच्या प्रकरणात बुडाला, हे खरं का? आणि टिळकांच्या होमरूलशी त्याचा काही संबंध होता का?

पहिल्याचं उत्तर: अर्धं खरं. प्रकरण होतं, खटलाही झाला. पण तो पडला निकालानंतरच्या तीन आठवड्यांत, आणि माझ्या मते बराचसा स्वतःच्या हट्टापायी.

हट्ट कळायला आधी माणूस कळायला हवा. जन्म १८४६, विकलो परगण्यातल्या अ‍ॅव्हनडेलचा. घराणं प्रॉटेस्टंट जमीनदारांचं, आणि पुढे नेतृत्व केलं ते कॅथलिक कुळांचं, जमीनदारांच्याच विरोधात! आई अमेरिकन, तिचे वडील १८१२ च्या युद्धात ब्रिटिश आरमाराशी लढलेले. केंब्रिजला गेला, पदवी न घेताच परतला. वक्ता म्हणून सुमार, स्वभावाने थंड, सहकाऱ्यांनाही हातभर लांब ठेवणारा. त्यात हिरवा रंग आणि ऑक्टोबर महिना अशुभ मानायचा. आयर्लंडच्या पुढाऱ्याला हिरव्याचं वावडं म्हणजे कमालच.

१८७५ मध्ये मीथमधून तो ब्रिटिश संसदेत गेला आणि जोसेफ बिगरच्या जोडीने कामकाज अडवायला लागला. नियमांच्या चौकटीत राहून बोलत राहायचं, बस्स. १८८१ मध्ये आयरिश सदस्यांनी एक बैठक ४१ तास ताणली, तेव्हा सभापतींनी स्वतःच्या अधिकारात चर्चा बंद केली आणि मग सभागृहाचे नियमच बदलावे लागले.

पण खरी ताकद जमिनीच्या प्रश्नात होती. १८७९ मध्ये मायकेल डेव्हिटच्या पुढाकाराने लँड लीग ही कुळांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना निघाली, पार्नेल अध्यक्ष झाला. सप्टेंबर १८८० मध्ये एनिसच्या सभेत त्याने विचारलं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळ्या घाला. पार्नेल म्हणाला, नाही, त्याला वाळीत टाका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा. काही दिवसांतच मेयो परगण्यातला एका लॉर्डचा कारभारी, कॅप्टन बॉयकॉट, याचा पहिला मोठा बळी ठरला. त्याचं पीक काढायला उत्तरेकडच्या अल्स्टरहून पन्नास माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला शेकड्यांनी सैनिक. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट.

१८८१ च्या ऑक्टोबरात (तोच तो महिना) सरकारने त्याला किल्मेनहमच्या तुरुंगात टाकलं. मे १८८२ मध्ये समझोता होऊन तो सुटला. या वाटाघाटींत मध्यस्थ कोण? कॅप्टन विल्यम ओशे, म्हणजे ज्या कॅथरीनबरोबर पार्नेलचे १८८० पासून संबंध होते, तिचा नवरा! पुढे कॅथरीन स्वतः लिबरल पक्षाचा नेता आणि पंतप्रधान ग्लॅडस्टनकडे निरोप पोचवायची. १८८६ मध्ये पार्नेलने गॉलवेची उमेदवारी याच ओशेला बळेच दिली. बिगर आणि टिम हीली या पक्षातल्याच सहकाऱ्यांनी उघड विरोध केला, कारण आतली गोष्ट त्यांना ठाऊक होती. ‘अचानक लफडं बाहेर आलं आणि सगळे हादरले’ ही गोष्ट म्हणूनच मला पटत नाही. वरच्या वर्तुळात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोर्टात कोणी म्हटलं नव्हतं.

ओशे इतकी वर्षं गप्प का? कॅथरीनची एक म्हातारी, श्रीमंत मावशी होती. तिच्या वारशावर सगळ्यांचा डोळा. १८८९ मध्ये मावशी गेली, सारी संपत्ती एकट्या कॅथरीनला ठेवून, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ओशेने घटस्फोटाचा दावा लावला.

तेव्हा पार्नेल कळसावर होता. १८८५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने ८६ जागा जिंकल्या होत्या, आणि लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांतलं अंतरही नेमकं ८६ होतं. ग्लॅडस्टनने आणलेलं होमरूल (आयर्लंडच्या स्वशासनाचं) विधेयक १८८६ मध्ये ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडलं, पण लिबरल पक्ष आता आयर्लंडच्या बाजूला होता. मग लंडनच्या ‘टाइम्स’ या वर्तमानपत्राने पार्नेलच्या नावाची पत्रं छापून त्याला राजकीय खुनांशी जोडलं. चौकशीत पार्नेलचा वकील रसेल याने पत्रं पुरवणाऱ्या रिचर्ड पिगटला साक्षीच्या पिंजऱ्यात काही शब्द लिहायला लावले. ‘हेझिटन्सी’ या शब्दात त्याने ‘ए’ऐवजी ‘ई’ लिहिला, बनावट पत्रात होती तशीच चूक. पिगट माद्रिदला पळाला आणि तिथे त्याने स्वतःवर गोळी झाडली. पार्नेल सभागृहात आला तेव्हा लिबरल सदस्यही उभे राहिले.

नोव्हेंबर १८९० च्या खटल्यात त्याने बचावच केला नाही. दावा फेटाळला गेला असता तर कॅथरीनशी लग्न करता आलं नसतं. पण त्यामुळे नोकराणीची साक्ष तशीच राहिली: नवरा दारात आला की साहेब मागच्या खिडकीतून दोराने उतरायचे आणि पुढच्या दाराची घंटा वाजवायचे. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य!

तरीही २५ नोव्हेंबरला पक्षाने त्यालाच पुन्हा नेता निवडलं. ग्लॅडस्टनचं पत्र मात्र तयार होतं: पार्नेल राहिला तर माझं नेतृत्व जवळजवळ निरर्थक होईल. पत्र दाखवायला ग्लॅडस्टनचा सहकारी जॉन मॉर्ले पार्नेलला शोधत होता, तो सापडलाच नाही. पत्र छापून आलं आणि सहकाऱ्यांना कळलं की नेता ठेवला तर होमरूल जातं. आयरिश बिशपांचं जाहीर फर्मान यानंतरचं. आधी बिथरले होते ते इंग्लंडमधले प्रॉटेस्टंट मतदार, म्हणजे ग्लॅडस्टनचा पाया.

इथे पार्नेल काही महिने बाजूला झाला असता तर परत येऊ शकला असता, असं मला वाटतं. उलट त्याने जाहीरनामा काढून ग्लॅडस्टनशी झालेली खाजगी बोलणी उघड केली. संसदेतल्या समिती खोली क्रमांक १५ मध्ये पक्षाचं सहा दिवस भांडण चाललं. पक्षाचा धनी कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा हीलीने विचारलं, आणि मालकीण (इंग्रजीत ‘मिस्ट्रेस’, ज्याचा अर्थ रखेलही होतो) कोण? ६ डिसेंबरला ४५ जण उठून बाहेर गेले. त्याच्याबरोबर तीससुद्धा उरले नाहीत.

पुढच्या तीनही पोटनिवडणुका त्याचे उमेदवार हरले. किलकेनीच्या प्रचारात त्याच्या डोळ्यांत चुना फेकला गेला. जून १८९१ मध्ये कॅथरीनशी लग्न झालं, सप्टेंबरअखेर क्रेग्ज या गावी आजारपणात, भर पावसात त्याने भाषण केलं, आणि ६ ऑक्टोबरला तो गेला. वय ४५.

आता टिळक. थेट संबंध नाही. पार्नेल जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. होमरूल हे नाव मात्र आयर्लंडचंच, आणि तेही पार्नेलच्या आधीचा नेता आयझॅक बट याच्या चळवळीतलं. टिळकांनी एप्रिल १९१६ अखेर बेळगावला होमरूल लीग काढली, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव चालू होता. तो करणाऱ्यांचा होमरूलवर विश्वास उरला नव्हता. होमरूलवाल्या पक्षाचा तेव्हाचा नेता होता जॉन रेडमंड, खोली क्रमांक १५ मध्ये पार्नेलबरोबर थांबलेल्यांपैकी एक.